डॉक्टरांना दुखवट्याला धाडणारा म्हातारा

डॉक्टर रडतात हे मला वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा दया वगैरे काही आली नाही, राग आला. तोवर मी डॉक्टरांविरुद्ध चार पत्रकं काढली होती आणि पाचव्याचं सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल पिशवीत घेऊन हिंडत होते. ज्याच्याशी भांडायचं तोच मांडी घालून ढसाढसा रडायला लागला तर माणसानं करायचं काय?

हे रडणं मी पाहिलं ते सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्यालगत, लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टराच्या घरी, मागच्या खोलीत. त्या खोलीत पूर्वी कुणीतरी सुताचे गठ्ठे ठेवत असे. तो म्हातारा आता सांगलीत नाही, मुलाकडे राहायला गेला. पण गेल्या तीन-चार वर्षांत मला इतका राग दुसऱ्या कुणामुळे आला नाही, आणि त्यातला त्याच्यावरचा किती आणि बाकीच्यांवरचा किती, हे एकदा कागदावर मांडलंच पाहिजे.

झालं असं की शिराळ्याकडून आमच्याकडे, म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठी भांडणाऱ्या आमच्या गटाकडे, तक्रार आली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथल्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर फटफटीला किक मारतो आणि सांगलीला जातो, दिवे लागायच्या वेळेला परत येतो. लोकांचं म्हणणं, सांगलीत डॉक्टर लोकांचा पत्त्यांचा अड्डा आहे. मी लगेच मथळा लिहून टाकला, ‘रविवारी डॉक्टर कुठे जातात?’ मथळा आधी लिहायचा आणि पुरावा मागून गोळा करायचा, अशीच आमची शिकवण होती. पुराव्यासाठी मी त्या फटफटीचा माग काढत माधवनगरच्या रस्त्याला पोचले आणि दार न वाजवता आत शिरले.

आत दहा-अकरा डॉक्टर पोत्यांवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मधे चादरीवर शेंगांचा ढीग. दाराजवळ खिळ्यांची रांग, त्या खिळ्यांना स्टेथोस्कोप टांगलेले, देवळाबाहेर चपला काढून ठेवाव्यात तसे. एक जण रडत होता. आणि बाकीचे शेंगा फोडत होते. कुणी त्याला पाणी दिलं नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही, कुणी ‘जाऊ दे’ म्हणालं नाही. टरफलांचा कटकट आवाज तेवढा चालू. मला वाटलं, काय दगडाची जात आहे ही.

समोर म्हातारा. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, आणि चैत्राच्या उन्हात डोक्याला लोकरीची कानटोपी. त्यानं मला विचारलं, कोण. मी म्हटलं, मी पत्रकं काढते.

“मग हात चालत्यात म्हणायचं. बसा. शेंगा घ्या.”

“मी बसायला आले नाही, विचारायला आले आहे.”

“हुबं ऱ्हायचं तर भाईर. आत बसल्याबिगर काय बी मिळत न्हाई,” तो म्हणाला आणि पसाभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या. मी बसले. अजूनही कळत नाही का बसले, आणि पुढेही तिथे का जात राहिले.

शेंगांचं कारण त्यानं मला पुढे केव्हातरी सांगितलं. डॉक्टराचा हात रिकामा असला की तो सल्ला देतो, असं त्याचं मत होतं. म्हणून हात गुंतवायचे. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी आपापल्या ओंजळीतल्या शेंगा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य त्या खोलीत बंद होतं. नवा माणूस ते बोललाच तर त्याच्यापुढे आणखी एक सूप शेंगा ओतल्या जात. टरफलं म्हाताऱ्याच्या घरच्या बंबात जात आणि दाण्यांची चटणी त्याची बायको करी. जाताना प्रत्येक डॉक्टराच्या हातात चटणीची पुडी. त्या काकू या सगळ्याला ‘ह्यांची बालवाडी’ म्हणत.

डॉक्टरांना तो नावानं हाक मारत नसे, त्यांच्या केंद्राच्या गावानं मारी. “ए शिराळा, मागं सरक.” “पाटण, आज तू बोल.” भेटल्यावर नमस्कार नाही, चमस्कार नाही; पहिला प्रश्न, झोप किती? उत्तर ऐकत असताना समोरच्याचं मनगट हातात धरून नाडी बघायचा. उत्तर आणि नाडी जुळली नाही तर मनगट सोडायचा नाही. मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, मी पेशंट नाही. म्हणाला, इथं पेशंट कुणीच येत नाही, तेच तर दुखणं आहे.

आता लोक म्हणतील, शेंगा फोडून डॉक्टर सुधारतो होय? मीही तेच म्हटलं. मग एक दुपार मी बघितली ती सांगते.

इस्लामपूरकडच्या एका डॉक्टराची पाळी होती. त्याच्या केंद्रावर जुलाबानं एक पोर दगावलं होतं, आणि घरच्यांना ते सांगताना तो दोन वाक्यं बोलून आत निघून गेला होता. ते निघून जाणं त्याला खात होतं. म्हाताऱ्यानं त्याला उभं केलं आणि शिराळ्याच्या डॉक्टराला खूण केली. हा शिराळा म्हणजे अंगानं दांडगा, मिशा राखलेला गडी. त्यानं खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला, पदर ओढतात तसा पुढे ओढला, आणि एका क्षणात त्या पोराची आजी झाला. कुणी हसलं नाही. मी हसले, तर म्हाताऱ्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

“आवं डाक्टर,” शिराळा म्हणाला, “सुई टोचली तवर पोरगं डोळं उघडं ठेवून हुतं. सुईनंच गेलं न्हवं?”

“नाही हो आजी, त्याला सिव्हिअर डिहायड्रेशन होतं, तो शॉकमध्ये...”

एकेका इंग्रजी शब्दाला एकेक शेंग त्याच्या कपाळावर येऊन बसली. फेकणारा म्हातारा. नेम लष्करातला.

डॉक्टरानं पुन्हा सुरुवात केली. अंगातलं पाणी सगळं गेलं होतं, म्हणाला. आणायला उशीर झाला.

“मंजी आमीच मारलं म्हना की,” आजी म्हणाली.

शेंगांचा आवाज थांबला.  म्हातारा हळूच म्हणाला, “हितं. हितं तुमचं कालेज संपतंय.”

तीनदा त्याला जमलं नाही. एकदा तो चिडला, एकदा खोटं बोलला, एकदा नुसता हात चोळत राहिला. चौथ्या खेपेला तो आजीसमोर खाली बसला आणि म्हणाला, “आजी, उशीर झाला हे खरं. पण तुम्ही उन्हातनं त्याला कडेवर घेऊन चालत आलात. तुम्ही बसून नव्हता. मी तुम्हाला तसंच सोडून आत गेलो, ते मी वाईट केलं.” शिराळ्यानं पंचा डोक्यावरून काढला आणि त्याच पंच्यानं डोळे पुसले.

साडेपाच वर्षं. साडेपाच वर्षं या लोकांना सरकार शिकवतं. हाताच्या पंज्यात हाडं किती हे पाठ करून घेतं. पण पोर गेलं हे आजीला कोणत्या तोंडानं सांगायचं, आणि सांगून झाल्यावर स्वतः भाकरी कशी गिळायची, याचा एक तास नाही. चोवीस वर्षांचा पोरगा डोंगरात नेऊन सोडायचा, वर दर महिन्याला तक्ते मागायचे, आणि तो खेकसायला लागला की आमच्यासारख्यांनी त्याच्यावर पत्रक काढायचं. मी काढलेली चारही पत्रकं खरी होती. केंद्रावर औषध नव्हतं हे खरं होतं, डॉक्टर अंगावर आला हे खरं होतं. पण तो अंगावर का आला हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारत नाही याचा आता मला संताप येत होता.

अर्थात म्हाताऱ्याशीही मी भांडलेच. म्हटलं, तुमच्या शेंगांनी केंद्रावर औषधं येणार आहेत का?

“न्हाई.”

“मग जीप दुरुस्त होणार आहे?”

“न्हाई.”

“मग काय उपयोग?”

“औषधं तुमी आणा. भांडून आणा, लय चांगलं भांडता. पर ती येऊस्तवर ह्यो माणूस टिकाय नको?”

हे त्याला सुचलं कुठून, तर लष्करात. एका मोठ्या लष्करी इस्पितळात असताना मेलेल्या जवानांच्या घरी पत्रं पाठवायचं काम त्याच्याकडे होतं. पत्राचा मजकूर छापील. वर नाव घालायचं, खाली सही करायची. त्यानं अशा पुष्कळ सह्या केल्या. मग रजेवर गावी आला असताना, शिराळ्याच्या बाजूचा एक बाप त्याला शोधत घरी आला. हातात ते पत्र, घड्या पडून फाटायला आलेलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण गावात दोन जवान गेले होते आणि दोन्ही घरची पत्रं शेजारीशेजारी ठेवल्यावर ती सारखी दिसतात एवढं त्याला कळलं होतं. त्यानं पत्र पुढे केलं आणि विचारलं, “साहेब, ह्यातली माझ्या पोराची वळ कंची?”

एकही नव्हती. म्हातारा सांगायचा, मी त्या बापाला चहा दिला आणि खोटं बोललो, एका ओळीवर बोट ठेवलं. ते बोट अजून दुखतंय. आणि खरोखरच उजव्या हाताची तर्जनी चोळायचा. मला आधी वाटलं सोंग आहे. मग बघितलं, एकटा असतानाही चोळायचा.

तेव्हापासून त्याचा एक हट्ट होता, आणि सगळ्यात जास्त विरोध त्यालाच झाला. पेशंट दगावला तर डॉक्टरानं दुखवट्याला जायचं. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकी, शेजारी भाकरी-पिठलं आणतात, सगळे एकत्र बसून चार घास खातात, त्याला कडू घास म्हणतात. सोयरे येतात, खाली बसतात, कुणी फार बोलत नाही, कुणी शहाणपण शिकवत नाही. म्हातारा म्हणायचा, माझी बालवाडी मी तिथूनच उचलली. गावाला हे येतं. फक्त डॉक्टरालाच येत नाही, कारण पेशंट गेला की तो मागच्या दारानं जातो आणि पुढे सहा महिने त्या आळीतून फिरकत नाही. त्याला वाटतं लोक मारतील. कधी मारतातही. तरी जायचं. चूक नसेल तर बसून यायचं. चूक असेल तर सांगून यायचं.

हे सगळं त्यानं एकदा वर खात्याला लिहून कळवलं होतं. नेमणुकीवर जाण्याआधी नव्या डॉक्टरांना आठ-आठ, दहा-दहाच्या गटानं हे शिकवा, मी फुकट शिकवतो. उत्तर आलं की डॉक्टरांचं मनोबल चांगलं आहे आणि अशी तरतूद नाही. मनोबल कुठल्या यंत्रानं मोजलं ते लिहिलं नव्हतं. पुढे एका साहेबानं तोंडी विचारलं म्हणे, की तुमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांना वेडबिड लागलंय का, तसं असेल तर त्यांची नावं द्या.

आता पाटण. तो माझ्याच वयाचा, पाटणपासून आत खोऱ्यातल्या एका केंद्रावर एकटा डॉक्टर. सांगलीच्या एका वस्तीतला, बौद्ध कुटुंबातला, त्याची आई माधवनगरच्या गिरणीत कामाला होती. घराण्यातलाच नव्हे तर वस्तीतला पहिला डॉक्टर. पहाटेची एसटी धरून कऱ्हाडमार्गे चार-पाच तास हेलकावे खात तो दुसऱ्या रविवारी यायचा आणि फारसा बोलायचा नाही. झोप किती या प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं, लागते. आणि म्हातारा त्याचं मनगट सोडायचा नाही.

एका रविवारी तो बोलला. त्याच्या केंद्रावर एक बाई बाळंत झाली. मुलगी झाली, ठीक होती. मग बाईला रक्त जायला लागलं. तिला कऱ्हाडला हलवायला हवं होतं. पण आदल्याच महिन्यात, किरकोळ पेशंट उठसूट वर पाठवता म्हणून त्याला मेमो मिळाला होता. तो मेमो टेबलाच्या काचेखाली होता. त्यानं तासभर वाट बघितली. थांबेल, थांबेल म्हणत. मग जीप काढली. ती बाई वाटेत गेली. नवरा पलटणीत, त्याला तार गेली, तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

पाटण त्या घरी गेला होता. तिसऱ्या दिवशी, एकटा, चालत. मराठ्यांचं घर. तो ओट्याखाली उभा राहिला तेव्हा सगळे गप्प झाले, म्हणाला. तो खाली बसला आणि त्या बाईच्या सासऱ्याला म्हणाला, “मी एक तास थांबलो. थांबायला नको होतं. माझं चुकलं.”   मग सासूनं आतून भाकरी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली, बाकीच्यांच्याच रांगेत. ती त्यानं खाल्ली.

हे सांगून तो रडला नाही. म्हणाला, त्या रात्रीपासून दोन-तीन तास तरी झोप लागते. म्हाताऱ्यानं त्याचं मनगट खाली ठेवलं.

आता माझी करामत ऐका.

त्या खोलीतला शेवटचा नियम होता, हितलं हितंच. मला तो ठाऊक होता. पण मला वाटलं, हा नियम वाईट गोष्टींसाठी आहे. चांगली गोष्ट लपवायची कशाला? एक डॉक्टर मयताच्या दारात जाऊन चूक झाली म्हणतो, यापेक्षा चांगला मजकूर मला जन्मात मिळाला नसता. मी पत्रक काढलं. ‘हा डॉक्टर दुखवट्याला गेला. बाकीचे कधी जाणार?’ त्यात खात्यालाही झोडपलं, मेमोलाही झोडपलं. डॉक्टराचं नाव छापलं नाही, याचा मला अभिमान होता. गावाचं नाव छापलं. त्या गावात डॉक्टर एकच.

पत्रकाच्या प्रती आम्ही कऱ्हाडच्या स्टँडवरसुद्धा वाटल्या. पंधरवड्यात त्या डॉक्टराला खुलासा मागणारं पत्र आलं. आपण चूक केल्याचं मृताच्या नातेवाइकांसमोर मान्य करून खात्याला अडचणीत आणलं आहे, तरी आपल्यावर कारवाई का करू नये. सोबत माझं पत्रक जोडलेलं, ‘माझं चुकलं’ या शब्दांखाली लाल शाईची रेघ. बाई मेली त्याचा खुलासा कुणी मागितला नाही, हे नीट ध्यानात घ्या. मेमो ज्यानं पाठवला त्याला कुणी विचारलं नाही. ‘चुकलं’ का म्हणालास, एवढंच.

पुढच्या दुसऱ्या रविवारी खोलीत तिघे जण आले. बाकीचे स्टेथोस्कोपचे खिळे रिकामे. शिराळा आला होता, त्यानं माझ्याकडे पाठ करून शेंगा फोडल्या. म्हाताऱ्यानं माझं पत्रक चष्मा पुसून पुसून शेवटपर्यंत वाचलं.

“बरं लिवलंय,” म्हणाला. मग थोड्या वेळानं, “कुणाला इचारलं?”

मी म्हटलं, चांगली गोष्ट छापायला कुणाला विचारायचं? त्यात खोटं एक अक्षर नाही.

“न्हाईच की. त्या सासूला इचारलं?”

 ती बाई कोण, कशी दिसते, जिवंत आहे की नाही, मला काही माहीत नव्हतं. तिच्या घरातला घास मी कऱ्हाडच्या स्टँडवर वाटला होता. म्हाताऱ्यानं पसाभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या. त्या दिवशी तो मला आणखी काही बोलला नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलले असते.

पाटणवर चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी म्हातारा आणि मी एसटीनं खोऱ्यात गेलो. पाटण त्याच्या केंद्रामागच्या क्वार्टरात बसला होता, दाढी वाढलेली. त्याची आईही आली होती, कोपऱ्यात तांदूळ निवडत. त्यानं एक कागद दाखवला. चौकशीला येणार होते त्या साहेबांनी निरोप्याबरोबर आधीच धाडलेला, मजकूर तयार. मी त्या घरी फक्त सांत्वनासाठी गेलो होतो, चूक वगैरे काही बोललो नाही, पत्रक खोडसाळ आणि खोटं आहे. खाली सही केली की फाइल बंद. नोकरी साफ.

मी म्हटलं, कर सही. मीही लिहून देते, मी खोटं छापलं. आयुष्यात एकही शब्द मी मागे घेतला नव्हता, त्या दुपारी अख्खं पत्रक मागे घ्यायला तयार होते. त्याची आई माझ्याकडे बघून म्हणाली, “घे मागं, बाई. ही नोकरी, आमचं एवढंच हाय.” आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

 मी म्हाताऱ्याकडे वळले. म्हटलं, सांगा ना त्याला काहीतरी. सगळ्यांना बोलतं करता, आता तुमची वाचा बसली का? एवढी लष्करात हुकूम देण्यात हयात गेली, एक हुकूम द्या.

“माझ्या सांगण्यावर त्यो किती दिस जगंल?” म्हातारा म्हणाला. मला त्याचं टोपडं ओढून फेकून द्यावंसं वाटलं.

पाटण बोलला, आईशी. म्हणाला, “मी बोललो नाही असं लिहिलं, तर ते त्या घरी कळंल. कळंलच, आई. मग त्यांनी मला भाकरी कशाबद्दल वाढली?”

आईनं सूप बाजूला ठेवलं. “तुझं तू बघ,” म्हणाली. त्या कागदावर सही झाली नाही.

निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशा धरू नये. त्याच्या नोकरीच्या कागदावर वाईट शेरा मारला आणि आणखी आतल्या, रस्ता नसलेल्या केंद्रावर बदली केली. किरकोळ पेशंट पाठवू नका हा मेमो अजून लागू आहे. माधवनगरच्या रस्त्याची खोली बंद पडली. सरकारी डॉक्टरांनी परवानगीवाचून असल्या बैठकांना जाऊ नये, असं तोंडी बजावण्यात आलं. मग म्हातारा शेंगांचं पोतं एसटीच्या टपावर टाकून स्वतःच एकेका केंद्राला जायला लागला. आमच्या गटातले लोक विचारतात, मग जिंकलं कोण? मला हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग येतो.

चौकशी झाली ती केंद्राच्या व्हरांड्यात. साहेब खुर्चीवर, पुढे टेबल, टेबलावर छापील तक्ता. पाटण भिंतीला टेकून उभा. म्हातारा बाकावर. मला फाटकाबाहेर थांबवलं होतं, पण व्हरांडा उघडा, सगळं ऐकू येत होतं. त्या बाईच्या सासऱ्याला जबाबाला बोलावलं होतं. साठीचा माणूस, डोक्याला पटका, तान्ह्या नातीला कापडात गुंडाळून छातीशी धरलेलं. सासू आजारी, पोरीला घरी सांभाळायला कुणी नव्हतं. डॉक्टरानं सही दिली नव्हती, म्हणून साहेबांना आता सासऱ्याची तक्रार हवी होती. तसं त्यांनी दोनदा सुचवलंही, की तुम्ही लिहून दिलंत तर सरकार तुमच्या पाठीशी आहे. तो म्हणाला, तक्रार न्हाई. साहेबांनी तक्ता पुढे ओढला.

“डॉक्टरांनी तुमच्या घरी येऊन आपली चूक कबूल केली का?”

“व्हय, केली की,” सासरा म्हणाला. “आवं साहेब, आमच्यात माणूस मेल्यावर आजवर सरकारातलं कोन आलंय? ह्यो आला. चालत आला. खाली बसला आन म्हणाला, माझा एक तास चुकला. आमाला तवर वाटत हुतं आमचंच कायतरी चुकलं, सुनंला आणायलाच उशीर झाला. माझी बायकू तीन दिस सोताला बोल लावून घेत हुती. ह्यानं सांगितलं तवा ती उठली आन ह्याच्या म्होरं भाकर ठेवली. त्यो आमच्यात कडू घास खाल्लेला माणूस हाय. त्याच्यावर आमी कागद करत न्हाई.”

साहेबांनी तक्त्यात लिहिलं, होय. आणि पेनला टोपण लावलं.

म्हातारा बाकावरून उठला. “साहेब, त्यांनी लय सांगितलं. तुमी एकच शब्द लिवला.”

“रकाना एवढाच आहे,” साहेब म्हणाले.

सासऱ्यानं नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, टेबलावर वाकून तो तक्ता नीट बघितला, आणि म्हणाला, “मग वाढवा की रकाना.”